लिव्हर ट्रान्सप्लांट : ताईचं लिव्हर आप्पांना कमी पडेल म्हणतायत, कोणाला अनुभव आहे का?

रावेरकर_केळीवाला

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यातला आहे, घरी केळीची शेती. जरा लांबलचक लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला उत्तर देता येणार नाही.

आमचे आप्पा ५८ वर्षांचे. आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, माळकरी माणूस, तरी लिव्हर गेलं. शुगर पंधरा वर्षांची, त्यातून फॅटी लिव्हर आणि त्यातून सिरॉसिस, म्हणजे लिव्हर आक्रसून कडक होणं, असं डॉक्टर सांगतात. गावात सिरॉसिस म्हटलं की लोक आधी दारूच धरतात, आईला त्या बोलण्याचा फार त्रास झाला. दोन वर्षांत जळगावला नऊ-दहा वेळा पोटातलं पाणी काढलं, एकदा रक्ताची उलटी झाली तेव्हा दुर्बिणीतून फुगलेल्या नसांना बँड लावले, आणि मागच्या महिन्यात दोन दिवस ते असंबद्ध बोलत होते, मला ओळखलं नाही. त्यानंतर मुंबईला मोठ्या सेंटरला दाखवलं. मेल्ड स्कोअर (लिव्हर किती बिघडलंय त्याचा आकडा, जास्त तितकं वाईट) १९ आला, ट्रान्सप्लांट लागेलच म्हणाले. मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव टाकलंय पण नंबर कधी लागेल कोणी सांगू शकत नाही, म्हणून घरातला डोनर बघा म्हणाले.

आप्पांचा रक्तगट ओ, म्हणजे डोनर शक्यतो ओच पाहिजे. आईचा बी आहे आणि तिलाही शुगर, ती बाद. मी ओ, वय २९, पण वजन ९१ किलो आणि माझ्याच लिव्हरमध्ये चरबी निघाली, पंचवीस-तीस टक्के म्हणाले, मी पण बाद. राहिली मोठी ताई, वय ३४, अमळनेरला दिलीय, वजन ५४ किलो. तिने स्वतःहून फोन करून सांगितलं की मी देते. दाजी पण एका शब्दात हो म्हणाले.

आता ताईचा सीटी झाला. पूर्ण लिव्हर ९८० ग्रॅम, उजवा भाग ६१० आणि तिच्याकडे उरणार ३७०. आप्पांचं वजन ८२ किलो. सर्जन म्हणाले तुकड्याच्या वजनाचा आप्पांच्या वजनाशी रेशो ०.७४ येतोय, आम्ही शक्यतो ०.८ च्या वर बघतो, याच्या खाली स्मॉल फॉर साइज सिंड्रोमचा धोका वाढतो. करता येणारच नाही असं नाही, पण विचार करून या. वीस मिनिटांत सगळं सांगितलं त्यांनी, चांगलं सांगितलं, पण माझं डोकं तिथे चालेनासं झालं होतं, खाली येऊन कॅन्टीनमध्ये बसलो तेव्हा लक्षात आलं की मी एकही प्रश्न विचारला नाही.

तर माझे प्रश्न. हा सिंड्रोम म्हणजे नक्की होतं काय? लिव्हर तर वाढतं म्हणतात ना, मग लहान असलं तर थोडे दिवस थांबायचं, त्यात बिघडतं काय? ०.७४ म्हणजे फार कमी का? आणि ताईचं थोडं जास्त काढलं तर चालतं का, हा प्रश्न आमच्या काकांनी विचारलाय, मला विचारायलाही जिवावर येतंय पण विचारतो. पुढच्या गुरुवारी परत जायचंय. प्लीज कोणी यातून गेलं असेल तर लिहा.

तापीकाठचा

भाऊ, आम्ही गेलोय यातून. आईचं २०१९ ला झालं. डोनर लहान भाऊ. त्याचा उजवा भाग काढला असता तर त्याच्याकडे फार कमी उरत होतं म्हणून डावा भाग घेतला, ३७० ग्रॅम, आईचं वजन ५६. म्हणजे तुमच्यापेक्षा कमी, ०.६६. आम्हाला आधी सांगितलं होतं की त्रास होऊ शकतो, आम्ही माना डोलावल्या, पण त्रास म्हणजे काय ते तेव्हा कळतच नाही.

जे झालं ते सांगतो म्हणजे तुमची तयारी राहील. ऑपरेशन १३ तास चाललं. पहिले तीन दिवस सगळं छान, आई बोलली, चहा मागितला. पाचव्या दिवशी डोळे परत पिवळे दिसायला लागले. आम्हाला वाटलं लिव्हर नाकारलं शरीराने, पण रोज डॉपलर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) करून नसा चालू आहेत म्हणायचे, बायोप्सी पण केली, रिजेक्शन नव्हतं. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, ६ झालं, मग ११, बाराव्या दिवशी १७. पोटातल्या ड्रेनच्या नळीतून रोज अडीच-तीन लिटर पाणी यायचं आणि तेवढ्याच मापाने अल्ब्युमिनच्या बाटल्या चढायच्या. आई दिवसभर झोपेत असल्यासारखी, हाक मारली की डोळे उघडायची आणि परत मिटायची. मी आणि भाऊ, त्याच्या स्वतःच्या पोटाला टाके, आम्ही दोघं काचेबाहेर उभे राहायचो. त्याला सारखं वाटायचं की माझंच कमी पडलं. तेवढ्यासाठी सांगतो, तुमच्या ताईला आधीपासून कोणीतरी सांगून ठेवा की पुढे काही झालं तर ते तिच्यामुळे नाही. आम्ही हे केलं नाही आणि त्याला ते अजून आठवतं.

तेराव्या दिवशी जांघेतून तार घालून प्लीहेकडे (पानथरीकडे) जाणारी रक्तवाहिनी बंद केली. त्यानंतर चमत्कार वगैरे काही झाला नाही, पण चार-पाच दिवसांत ड्रेनचं पाणी दीड लिटरवर आलं, बिलिरुबिन वाढायचं थांबलं आणि मग रोज थोडं थोडं उतरायला लागलं. त्रेचाळीसाव्या दिवशी घरी सोडलं. तीन महिन्यांनी सीटी केला तर लिव्हर जवळपास पुरतं भरलेलं होतं. आज आई भुसावळला स्वतःच्या हाताने कळण्याची भाकरी करते.

पैशांचं पण बघा. आयसीयूचे दिवस वाढले तर पॅकेजच्या बाहेर जातं, आमचे अंदाजापेक्षा सात लाख जास्त लागले. मुख्यमंत्री सहायता निधीत लिव्हर ट्रान्सप्लांट बसतं, तो अर्ज ऑपरेशनच्या आधीच करून ठेवा, नंतर धावपळीत कागद जमत नाहीत.

धुळ्याची_लेक

मी मूळची साक्रीकडची, ट्रान्सप्लांट आयसीयूत पाच वर्षं काम केलंय. तुमच्या आप्पांचे रिपोर्ट मी बघितलेले नाहीत, त्यामुळे करा किंवा करू नका असं मी सांगणार नाही, ते तुमच्या टीमनेच सांगायचं. पण गुरुवारी जाताना डोकं स्वच्छ असावं म्हणून लिहिते.

आधी तो आकडा. तुकड्याचं वजन भागिले पेशंटचं वजन, दोन्ही ग्रॅममध्ये, गुणिले १००. निरोगी माणसाचं लिव्हर त्याच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास असतं, आणि त्याच्या ४० टक्के जरी मिळालं तरी भागतं असा अनुभव आहे, त्यातून हा ०.८ आला. जपानमध्ये क्योटोला १९९९ मध्ये त्यांच्या पेशंटचा अभ्यास छापून आला, त्यात १ च्या खाली निकाल खराब व्हायला लागतात असं दिसलं, नंतर अनुभव वाढला तसा तो आकडा ०.८ वर आला आणि आता काही सेंटर नीट निवडलेल्या पेशंटमध्ये ०.६ पर्यंत पण जातात. म्हणजे ही कायमची लक्ष्मणरेषा नाही, टीमच्या अनुभवाप्रमाणे सरकत आलेली रेघ आहे.

आता तुम्ही विचारलंत की लहान असलं तर वाढेपर्यंत थांबायचं, बिघडतं काय. हाच यातला खरा प्रश्न आहे. लिव्हरला दोन बाजूंनी रक्त येतं. साधारण तीन चतुर्थांश पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतडी आणि प्लीहेकडून गोळा होऊन, आणि बाकीचं धमनीतून. सिरॉसिसच्या पेशंटमध्ये वर्षानुवर्षं दाब वाढलेला असतो, प्लीहा फुगलेली असते, पोटातलं रक्त दुपटी-तिपटीने वाहत असतं. जुनं लिव्हर काढलं आणि तिथे निम्मं लिव्हर बसवलं तरी मागचा लोंढा तेवढाच राहतो. तो सगळा त्या लहान तुकड्यातून जायला बघतो. आतल्या बारीक नळ्यांचं अस्तर सोलवटतं. वरून एक गोष्ट अशी की पोर्टलचं रक्त खूप वाढलं की लिव्हरची धमनी आपोआप आखडते, हा शरीराचा नेहमीचा नियम आहे, पण इथे तो उलटा पडतो, कारण पित्तनलिका धमनीच्या रक्तावर जगतात. म्हणून कावीळ उतरत नाही, पाणी थांबत नाही, रक्त गोठत नाही, पेशंट गुंगीत जातो. वरच्या भाऊंनी आईचं जे वर्णन केलंय ते अगदी तेच. जपानमधल्या क्युशूच्या टीमची जुनी व्याख्या अशी होती की चौदाव्या दिवशी बिलिरुबिन १० च्या वर आणि पाणी रोज लिटरभर किंवा जास्त. आणि अशा पेशंटला सगळ्यात मोठी भीती इन्फेक्शनची.

म्हणजे तुकडा लहान आहे हे अर्धंच दुखणं, त्याच्यावर पडणारा लोंढा हे उरलेलं अर्धं. पहिलं बदलता येत नाही. दुसरं बरंचसं बदलता येतं, म्हणून मी सगळ्यांना सांगते की नुसत्या ०.७४ कडे बघत बसू नका. २०२३ च्या जानेवारीत चेन्नईला या एकाच विषयावर देशोदेशीचे सर्जन जमले होते, तिथेही जोर यावरच होता की वजन एकटं पुरेसं नाही.

ताईचं जास्त काढायच्या प्रश्नावर शेवटी लिहिते, थोडी ड्युटी आहे.

चोपडा_शिवार

डॉक्टर ताई, मी शेतकरी माणूस, मला समजलं का बघा. साडेसातची मोटर आहे, पाच एकराच्या ड्रीपच्या हिशोबाने बसवलेली. आता चार एकराचे व्हॉल्व्ह बंद केले आणि सगळं पाणी एका एकरावर सोडलं तर त्या १६ एमएमच्या नळ्या जोडातून निसटतात, ड्रीपर उडतात, कुठे चिखल होतो आणि कुठे कोरडं राहतं. पाणी जास्त असून झाडाला पाणी नाही. यावर आपण काय करतो, तर मोटरजवळचा बायपास थोडा उघडतो, पाणी परत विहिरीत पडतं, गेजवर दाब बघत बघत सेट करतो. असंच ना?

रावेरकर भाऊ, तुम्ही केळीवाले, तुम्हाला हे लगेच पटेल. आप्पास्ले आमना रामराम सांगा.

धुळ्याची_लेक

चोपडावाले भाऊ, अगदी असंच, आणि तुमचा बायपास पण खराच आहे. पोर्टल व्हेनमधलं थोडं रक्त लिव्हरला वळसा घालून सरळ मोठ्या नसेत सोडतात, त्याला शंट म्हणतात. दुसरा उपाय मोटरचाच जोर कमी करणं, म्हणजे प्लीहेची धमनी बांधणं, कधी प्लीहाच काढणं. ऑक्ट्रिओटाइडसारखी औषधं पण पोटातला प्रवाह कमी करतात. आणि ऑपरेशन टेबलावर खरंच गेज लावून दाब मोजतात, बऱ्याच टीम तो १५ च्या खाली आणायचा प्रयत्न करतात, प्रवाह मोजला तर १०० ग्रॅम लिव्हरमागे मिनिटाला २५० मिलीच्या वर गेला की सावध होतात. पण तुम्हालाच माहिती आहे की बायपास पूर्ण उघडला तर शेत वाळतं. लिव्हरला वाढायला पोर्टलचंच रक्त लागतं, फार वळवलं तर वाढ थांबते आणि ते रक्त न गाळता मेंदूकडे जातं. म्हणून हे माप जमवणं हीच सर्जनची खरी कसोटी.

एक गोष्ट तुमच्या उदाहरणात राहिली, ती म्हणजे पाणी बाहेर जायची चारी. लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या तीन मुख्य नसा असतात. उजवा भाग काढताना मधली नस बहुतेक वेळा डोनरकडेच ठेवतात, डोनरच्या सुरक्षिततेसाठी. मग उजव्या भागाच्या पुढच्या पट्ट्यातलं रक्त जायला वाट उरत नाही, तो पट्टा तुंबतो, दिसायला ६१० ग्रॅम आणि कामाला त्याहून कमी. यासाठी सर्जन त्या बारीक नसा कृत्रिम नळीने किंवा पेशंटच्याच जुन्या नसेच्या तुकड्याने जोडून वाट करून देतात. रावेरकर, हे गुरुवारी आवर्जून विचारा, तुमच्यासारख्या काठावरच्या केसमध्ये हे फार महत्त्वाचं ठरतं.

आणि वजन. ८२ किलो हे पोटात पाणी असतानाचं का? आप्पांचं पाणी काढल्यावर वजन किती भरतं ते बघा. समजा आठ किलो पाणी असेल तर ७४ ने भागल्यावर तेच ६१० ग्रॅम ०.८२ होतं. पण लगेच खुश होऊ नका, कारण सीटीवर मोजलेलं लिव्हर रक्ताने भरलेलं असतं, प्रत्यक्ष काढून तराजूवर ठेवलं की बरेचदा दहा टक्क्यांच्या आसपास कमी भरतं. ६१० चे ५५० धरले तर ७४ किलोला परत ०.७४. म्हणून कोणतं वजन धरलंय आणि ती घट धरलीय का, हे दोन्ही विचारा. शिवाय डोनर तरुण आणि लिव्हरमध्ये चरबी नाही हे ताईच्या बाजूने आहे, पन्नाशीच्या डोनरचे ६१० ग्रॅम आणि चौतिशीच्या डोनरचे ६१० ग्रॅम सारखे नसतात. पेशंट जितका खंगलेला तितकं त्याला जास्त लिव्हर लागतं, मेल्ड १९ म्हणजे अगदी शेवटचा टप्पा नाही, ही पण जमेची बाजू.

आता काकांचा प्रश्न. ताईकडे ३७० राहणार, म्हणजे तिच्या पूर्ण लिव्हरच्या ३८ टक्के. डोनरकडे ३० टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, बरेच जण ३५ धरतात. मधली नस आप्पांना दिली तर त्यांचा तुकडा जोमदार होईल पण ताईकडच्या उरलेल्या भागाचा निचरा बिघडू शकतो. ती ओढाताण डोनरच्या बाजूनेच सोडवायची असते. निरोगी बाई आहे, तिला कुठलाच आजार नव्हता. उजवा भाग देणाऱ्या डोनरच्या जिवाला हजारात एक ते दोनशेत एक इतका धोका जगभर सांगितला जातो, तो कितीही लहान वाटला तरी शून्य नाही. काकांना सांगा की सर्जनने स्वतःहून नाही म्हटलं तर ते तुमच्या घरावर उपकार आहेत.

अमळनेरची_माहेरवाशीण

मी डोनर आहे. चार वर्षांपूर्वी मिस्टरांना उजवा भाग दिला. वाचता वाचता त्या ताईसाठी जीव तुटला म्हणून लिहिते, कारण अशा वेळी घरात सगळे पेशंटभोवती असतात आणि जिच्या पोटावर सुरी फिरणार तिला कोणी विचारत नाही की बाई तुला भीती वाटते का.

तिला एकटीला डॉक्टरांशी बोलू द्या. आई नको, दाजी नको, तुम्ही पण नको. मला एका मॅडमने दार लावून विचारलं होतं की तुमच्यावर दबाव आहे का, आणि तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर आम्ही घरच्यांना फक्त एवढंच सांगू की तुमचं लिव्हर जुळत नाही. मी तेव्हा रडले. हो म्हणायलाच रडले, पण नाही म्हणायची वाट उघडी आहे हे कळल्यावरच ते हो माझं झालं. अगदी ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पण नाही म्हणता येतं.

मुलीचं नातं कायद्यातल्या जवळच्या नातेवाइकांत येतं, १९९४ चा कायदा आहे, त्यामुळे कागद तुलनेने सोपे जातात, तरी रेशनकार्ड, जन्मदाखला, लग्नानंतर नाव बदललंय त्याचे पुरावे आत्ताच काढून ठेवा. माझ्या माहेरच्या आणि सासरच्या नावात फरक होता त्यावरून आठ दिवस गेले.

शरीराचं म्हणाल तर आठ दिवसांत घरी आले, दोन-तीन आठवडे कुशीवर वळता येत नव्हतं, तीन महिने जड काही उचललं नाही, पाण्याची घागर सासूबाईंनी हातात घेऊ दिली नाही. वर्षभर टाक्याजवळ बधिर वाटायचं. आता काहीच त्रास नाही. तिला लहान मूल आहे का? असेल तर त्याला उचलून घेता येणार नाही, त्याची सोय आधी करा, माझा सगळ्यात मोठा त्रास तोच होता, माझी मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती आणि ती माझ्याकडे हात पसरून उभी राहायची.

नंदुरबारहून

मी लिहू की नको असा विचार करत होतो. आमच्या मोठ्या भावाचं असंच झालं आणि तो गेला. रेशो ०.६८ होता. त्याचा मेल्ड ३१ होता, आधीच किडनीवर आलं होतं, थांबायला वेळ नव्हता. अठराव्या दिवशी रक्तात इन्फेक्शन निघालं, बिलिरुबिन २६, चोविसाव्या दिवशी गेला. शेवटी दुसरं ट्रान्सप्लांट हाच उपाय आहे म्हणाले, पण दुसरं लिव्हर आणायचं कुठून.

मला राग कशाचा आहे ते सांगतो. डॉक्टरांनी प्रयत्न केले, रात्र रात्र थांबले, त्याबद्दल तक्रार नाही. पण ऑपरेशनच्या आधी कोणी समोर बसवून सांगितलं नाही की तुकडा लहान आहे. फॉर्मवर वीस सह्या होत्या, त्यात कुठेतरी इंग्रजीत लिहिलं असेल. आम्हाला नंतर फाईलमध्ये दिसलं. तुमच्या सर्जननी तुम्हाला आधीच आकडा सांगितला, विचार करा म्हणाले, यावरून माणूस सरळ वाटतो.

एक विचारा, प्लॅन बी काय. दाब कमी झाला नाही तर काय करणार, प्लीहेची वाहिनी आधीच बांधणार का नंतर बघणार, तार घालून बंद करणारा डॉक्टर त्याच हॉस्पिटलला रात्री पण मिळतो का. आमच्याकडे तो दोन दिवसांनी आला.

तापीकाठचा

नंदुरबारचे भाऊ, वाचून गलबलून आलं. आमच्याकडे तो डॉक्टर तिथलाच होता, एवढाच काय तो फरक असेल, असं आत्ता तुमचं वाचून वाटतंय.

धुळ्याची_लेक

नंदुरबारचे दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. मेल्ड ३१ आणि किडनी बसलेली असताना लहान तुकडा झेपणं खूपच अवघड असतं, त्यात तुमची काही चूक नव्हती.

रावेरकर, एक मुद्दा सगळ्यांकडून राहिलाय. तुम्ही स्वतः. वय २९, रक्तगट जुळतो, आणि फक्त चरबीमुळे बाद झालात. फॅटी लिव्हर हे कायमचं बाद होणं नसतं. मी कितीतरी डोनर बघितलेत ज्यांनी आहारतज्ज्ञाच्या हाताखाली दीड-दोन महिन्यांत सात-आठ किलो उतरवले आणि परत तपासणीत चरबी दहा टक्क्यांच्या खाली आली. तुमच्या उजव्या भागाचं वजन किती निघालं होतं? आप्पांना तेवढं थांबता येईल का हे मात्र टीमच ठरवणार, गुंगीचा झटका येऊन गेलाय त्यामुळे थांबायचं तर फार लक्ष ठेवून थांबावं लागेल, पोट साफ राहिलं पाहिजे, लॅक्ट्युलोज चुकता कामा नये, मीठ अगदी कमी, आणि प्रोटीन बंद करायचं नाही, गावाकडे लोक डाळ-दूध तोडतात आणि पेशंट अजून खंगतो. रात्री झोपताना पण काहीतरी खायला द्या.

कोणी दोन डोनरांचे दोन लहान भाग लावायचं सुचवेल, कोरियात सोलला २००० साली ते सुरू झालं, होतं ते, पण त्यात एका पेशंटसाठी दोन निरोगी माणसं टेबलावर जातात. आधी साधे रस्ते संपू देत.

जाता जाता, लिव्हरचा भाग जिवंत माणसाकडून घ्यायचं पहिलं यशस्वी ऑपरेशन १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला झालं, आईने मुलाला दिलं. लहान मुलांना आईचा छोटासा तुकडा पण पुरून उरतो. मोठ्या माणसांसाठी डावा भाग अपुरा पडायला लागला म्हणून हाँगकाँगच्या टीमने १९९६ मध्ये मोठ्यांसाठी उजवा भाग घ्यायला सुरुवात केली. म्हणजे तुमच्या घरात आज जो प्रश्न उभा आहे त्यातूनच हे सगळं शास्त्र पुढे सरकलंय.

रावेरकर_केळीवाला

सगळ्यांचे आभार कसे मानू. काल रात्री घरी सगळ्यांना बसवून हे वाचून दाखवलं. नंदुरबारच्या दादांचं पण वाचलं, आईला नको म्हणत होते सगळे पण तीच म्हणाली वाच. चोपड्याच्या भाऊंचं ड्रीपचं उदाहरण काकांना एका मिनिटात पटलं. ताईचं जास्त काढायचं ते परत बोलले नाहीत, उठून ओट्यावर जाऊन बसले, थोड्या वेळाने येऊन म्हणाले तिच्याकडे ते अडतीस टक्के राहत असतील तरच बोला.

गुरुवारी जाऊन आलो. वही घेऊन गेलो होतो. आप्पांचं पाणी काढून वजन केलं, ७५ भरलं. सर्जननी स्वतःच सांगितलं की प्रत्यक्ष तुकडा ५५० ते ५८० धरून चालू, म्हणजे ०.७३ ते ०.७७. मधली नस ताईकडे ठेवणार, पुढच्या पट्ट्यातल्या दोन नसा जोडून देणार, टेबलावर दाब मोजणार आणि १५ च्या वर राहिला तर तिथेच प्लीहेची धमनी बांधणार. तार घालणारे डॉक्टर त्याच हॉस्पिटलला चोवीस तास आहेत, मी नाव-नंबर विचारून घेतला. प्रश्न ऐकून ते चिडले नाहीत, उलट खुर्ची ओढून कागदावर चित्र काढून दाखवलं.

माझा उजवा भाग ८९० ग्रॅम निघाला होता. पाणी काढलेल्या वजनाला ते १.१ च्या वर जातं. मी विचारलं की मी वजन उतरवलं तर. ते बराच वेळ रिपोर्ट बघत राहिले आणि म्हणाले सहा आठवडे देतो, दर आठवड्याला आप्पांचं रक्त तपासायचं, मेल्ड २२ च्या वर गेला किंवा परत गुंगी आली तर वाट बघायची नाही, ताईचं घ्यायचं. ताईची तपासणी पूर्ण करून कागद तयार ठेवायचे. ताई तिथल्या एका मॅडमशी अर्धा तास एकटी बोलली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते पण चेहरा मोकळा होता. तिचा मुलगा चार वर्षांचा आहे, त्याला दाजींच्या आई सांभाळणार, तेही ठरलं.

आहारतज्ज्ञांनी तक्ता दिलाय. साखर, तळलेलं, मैदा बंद, शेव बंद, भाकरी मोजून. भरीत चालेल म्हणाल्या पण तेल चमचाभर. आजपासून पहाटे पाचला उठून केळीच्या बागेपासून कॅनॉलपर्यंत चालत जातोय, येताना पण चालत. आज पहिला दिवस, आप्पा ओट्यावर बसून होते, मला येताना बघून विचारलं किती झालं. सात किलोमीटर म्हटलं. काही बोलले नाहीत, आत जाऊन माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले, हात थरथरतात त्यांचे, अर्धं पाणी सांडलं.

सहा आठवड्यांनी फायब्रोस्कॅन आणि एमआरआय आहे. जे होईल ते इथेच लिहीन. कागदांसाठी ताईचं माहेरचं नाव असलेला शाळेचा दाखला हवाय, उद्या त्यासाठी रावेरला जातोय.